भात विकावे की तांदूळ?

शेतकऱ्याने भात (सालासकट धान) न विकता तांदूळच विकावा, असे म्हटले जाते आणि मी त्याशी सहमत आहे. मात्र हिशेब उताऱ्यापासून, म्हणजे भरडल्यावर भातातून किती टक्के तांदूळ मिळतो यापासून, सुरू करावा लागेल. २०२४-२५ मध्ये साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. शासकीय भरडाईत धरला जाणारा ६७ टक्के उतारा मिळाला, तर भरडाई आणि वाहतूक न धरताही तांदूळ किलोमागे ३४ रुपयांहून अधिक किमतीला पडतो. गावातल्या जुन्या हलर गिरणीत उतारा ६० टक्क्यांवर आला, तर हीच किंमत ३८ रुपयांच्या पुढे जाते. शिवाय हलरमधून तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडत असल्याने तेलासाठी विकता येईल असा स्वच्छ कोंडा हाती येत नाही, आणि माझ्या मते लहान शेतकऱ्याचे मोठे नुकसान इथेच होते. तूस आणि कोंडा वेगवेगळे काढणारी रबर रोलची सामायिक गिरणी असेल, तर ते टळते. कणीचे, म्हणजे तुटलेल्या तांदळाचे, प्रमाण मात्र वाळवणीवरही अवलंबून असते. कडक उन्हात घाईने वाळवलेल्या भाताचा दाणा भरडताना तुटतो. सिंधुदुर्गात उकडा तांदूळ (भात आधी उकडून, वाळवून मग भरडलेला) आवडीने खाल्ला जातो आणि उकडल्याने दाणा घट्ट होऊन कणी कमी पडते, म्हणून तिथल्या शेतकरी गटांनी आधी उकड्या तांदळाचाच विचार करावा, असे मला मनापासून वाटते.