एंडोस्कोपी करून घरी आलात, मग पुढे काय झालं?

मंगळवारी माझी गॅस्ट्रोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून जठराची तपासणी. नळी कधी आत गेली, कधी बाहेर आली, पत्ता नाही. गंमत नंतर. डॉक्टर माझ्याशी पाच मिनिटं बोलले म्हणे, मी मान डोलावून ‘हो, हो’ही म्हटलं. आणि रिक्षात बसल्यावर नवऱ्याला विचारलं, "डॉक्टर आलेच नाहीत का रे?" मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध दिलं की असं बऱ्याचदा होतं, हे मागाहून कळलं. तपासणीबद्दल सगळे सांगतात, घरच्या पहिल्या दोन दिवसांबद्दल कोणी बोलत नाही. तुमचं कसं गेलं ते लिहा.

ठाणे
मी शहाणपणा करून भूल नको म्हटलं, फक्त घशात स्प्रे. घरी पोचल्या पोचल्या चहा तोंडाला लावला आणि असा ठसका लागला की सासूबाई धावत आल्या. घसा बधिर असेपर्यंत पाणीसुद्धा नको, तासभर तरी. आधी घोटभर साधं पाणी नीट गिळता येतंय का बघा. नंतर दोन दिवस घसा खरवडल्यासारखा होता. ताकभात आणि मऊ खिचडी.

मिरज
बाबांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची तपासणी. दोन पॉलिप (आतल्या अस्तरावरच्या छोट्या गाठी) काढले. आत हवा भरतात, त्यामुळे पोट नगाऱ्यासारखं. पाहुणे बसलेले, म्हणून बाबा गॅस दाबून धरत होते! शेवटी गच्चीत फेऱ्या मारायला पाठवलं, अर्ध्या तासात मोकळे. दोन दिवस शौचाला झाली नाही म्हणून घाबरले. अहो, आदल्या रात्री औषध पिऊन आतडं धुऊन काढलंय, येणार कुठून? रक्त पातळ करायची गोळी मात्र पुन्हा कधी सुरू करायची ते कागदावर लिहून घ्या. आम्ही विसरलो, रात्री फोनाफोनी.

पुणे
गुंगीच्या औषधानंतर चोवीस तास गाडी नको, सह्या नकोत, हे मी हसण्यावारी नेलं. त्याच संध्याकाळी ऑफिसला मेल पाठवली. रकमेत एक शून्य जास्त. पाठवल्याचंही आठवत नाही.

नागपूर
वरचं वाचून हसले, पण एक गंभीर. भावाचा मोठा पॉलिप काढला, सगळं छान. आठव्या दिवशी रात्री शौचातून ताजं रक्त, भरपूर. आम्हाला वाटलं, आता धोका टळला असेल. डॉक्टर म्हणाले, जखमेवरची खपली निघताना दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. परत स्कोप करून क्लिप लावली. पोट कडक होऊन दुखणं, ताप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

मूळ धागालेखिका
ठाणेकर, चहाचं माझंही तेच झालं! बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय. नवऱ्याने डॉक्टरांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं, काल ऐकलं. त्यात माझा आवाज अगदी शहाण्यासारखा येतो.