मदत हवी आहे: वाट पाहताना देवाकडे केलेली तक्रार धीरात बसते का?

सर्वांना ख्रिस्तात सलाम. आमच्या प्रार्थनागटातल्या एका ताईंचे पती बऱ्याच काळापासून अंथरुणाला खिळून आहेत. भेटेल तो "धीर धरा, देवाची वेळ येईल" एवढंच सांगून जातो. आता त्या विचारतात, "मला देवाशी भांडावंसं वाटतं, म्हणजे माझा विश्वास संपला का?"

मला तसं वाटत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:11) ईयोबाच्या, म्हणजे सगळं गमावून बसलेल्या त्या नीतिमान माणसाच्या, धीराचा दाखला दिलाय, आणि हाच ईयोब तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, पुढे देवाकडे जाबही मागतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 "कोठवर?" असं विचारत सुरू होतं, पण शेवटी गाण्याकडे वळतं. स्तोत्र 88 मात्र अंधारातच संपतं. तरीही ती प्रार्थना शास्त्रात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. अब्राहामाचं उदाहरण मी मुद्दाम टाळते; 75 व्या वर्षी देवाचं बोलावणं आणि 100 व्या वर्षी वचनाचा मुलगा इसहाक, हे ऐकून थकलेल्या माणसाला उलट धडकीच भरेल.

तर स्तोत्र 88 त्यांच्यासोबत वाचावं का, की त्या आणखी खचतील? आजाऱ्याच्या घरी विलापाची स्तोत्रं घेऊन कुणी प्रार्थना केली आहे का? शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो (रोमकरांस 8:26), हे अशा वेळी कसं समजावता? पाळकांनी सांगावंच, पण ज्यांनी स्वतः अशी वाट पाहिली आहे त्यांनी जरूर लिहा.