मुलीसाठी सांगाडा-कापडाची कयाक: मापे मोठ्या नावेवरून काढावीत की मुलीच्या शरीरावरून?

धागाकर्ती: रंधा

लाकडी पट्ट्यांचा सांगाडा दोऱ्याने बांधायचा, त्यावर कापड ताणून शिवायचे आणि कापडाला जलरोधक लेप द्यायचा, या पद्धतीने मी गेल्या वर्षी स्वतःसाठी एक कयाक (एका माणसाची, वरून झाकलेली अरुंद वल्ह्याची नाव) बांधली. ती 5 मीटर लांब आणि 56 सेंटिमीटर रुंद असून तिचे वजन 14 किलो भरते. आता आठ वर्षांच्या मुलीसाठी तशीच लहान नाव बांधण्याची इच्छा आहे. तिची उंची 128 सेंटिमीटर आणि वजन 26 किलो आहे. तिला पोहता येते, आणि ही नाव फक्त शांत, उथळ पाण्यात, माझ्या सोबतीनेच वापरली जाईल.

माझ्या नावेचा आराखडा सर्व बाजूंनी 60 टक्के केला, तर लांबी 3 मीटर येते, पण रुंदी 34 सेंटिमीटरच्याही खाली जाते. उलट रुंदी 70 सेंटिमीटर ठेवली तर नाव उलटण्याची भीती राहणार नाही, असे मनात येते. यांतले योग्य काय? कापड नायलॉनचे घ्यावे की पॉलिएस्टरचे? आणि मुलगी दोन-तीन वर्षांत मोठी होईल, त्यामुळे पुढचा विचार करून नाव थोडी मोठीच बांधावी का?

फासळी

सरसकट 60 टक्के करण्यात रुंदीपेक्षाही मोठी अडचण वजनाची आहे. लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही 0.6 ने कमी केल्या की नावेचे आकारमान 0.216 पट होते. तुमची नाव तुमच्यासह 80 किलोंवर ज्या रेषेपर्यंत बुडते, त्याच रेषेपर्यंत ही छोटी नाव अवघ्या 17 किलोंवर बुडेल, आणि मुलगी व नाव मिळून वजन तर 35 किलोंच्या आसपास जाणार आहे. म्हणजे ती फारच खोल बसेल.

70 सेंटिमीटरचा विचारही कृपया सोडून द्या. माझ्या मुलासाठी पहिली नाव बांधताना मी याच भीतीने 68 सेंटिमीटर रुंदी ठेवली होती. नाव हलत नव्हती हे खरे, पण त्याचे हात कडेपलीकडे पाण्यापर्यंत नीट पोहोचत नव्हते, वल्हे दर फेरीला कडेवर आपटे आणि अर्ध्या तासात त्याचे खांदे दुखू लागत. त्याला कयाक आवडत नाही, असा माझा महिनाभर समज झाला होता. अरुंद नावेत बसल्यावर तो स्वतःहून वल्हवू लागला, तेव्हा दोष नावेचा होता हे कळले.

नाव किती स्थिर राहते, हे पाण्याच्या पातळीवरील रुंदीच्या घनावर आणि नावेने सारलेल्या पाण्याच्या आकारमानावर अवलंबून असते. रुंदी वाढली की स्थैर्य झपाट्याने वाढते, हे तर आहेच. पण तुमची मुलगी तुमच्यापेक्षा पुष्कळ कमी पाणी सारते आणि तिचा गुरुत्वमध्यही खाली राहतो, त्यामुळे 50 सेंटिमीटर रुंदीची लहान नाव तिला तुमच्या 56 सेंटिमीटरच्या नावेइतकीच, किंबहुना अधिक, स्थिर वाटेल.

ग्रीनलंडमध्ये शिकाऱ्याची कयाक त्याच्या स्वतःच्या शरीरावर मापून बांधत असत. लांबी सुमारे तीन वावा (एक वाव म्हणजे दोन्ही बाजूंना पसरलेल्या हातांच्या टोकांमधले अंतर), रुंदी म्हणजे नितंबांची रुंदी आणि वर दोन मुठी, असा तो ठोकताळा होता. तुमच्या मुलीला हे माप लावले, तर रुंदी 40 सेंटिमीटरच्या आसपास येईल. ती लहानपणापासून पाण्यावर असणाऱ्या शिकाऱ्याची रुंदी झाली. नवशिक्या मुलीसाठी त्यात 10 ते 12 सेंटिमीटर वाढवावेत. तीन वावांची लांबीही तिला वळवायला जड जाईल, म्हणून 3 ते 3.2 मीटर पुरे. खोली 20 सेंटिमीटरच्या फार वर नेऊ नका, नाहीतर हातांची कोपरे वरच्या पट्टीला घासतात. बैठक म्हणून तळाशी जेमतेम 2 सेंटिमीटर जाडीचा फोम ठेवावा, कारण बैठक जितकी उंच, तितकी नाव डळमळीत.

वल्हे मात्र मोठ्यांचे कापून देऊ नका. एक वाव आणि वर एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, हे पारंपरिक लाकडी वल्ह्याचे जुने माप आहे. तिच्यासाठी ते 165 सेंटिमीटरच्या आसपास येईल आणि नाव थोडी रुंद असल्याने 170 ठेवता येईल. मधला दांडा तिच्या मुठीत मावेल इतका बारीक हवा.

उलटी_नाव

मापांविषयी वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण या प्रकारच्या नावेतला सर्वांत गंभीर धोका अजून कोणी मांडलेला नाही. सांगाडा-कापडाच्या कयाकमध्ये आत कोठेही जलरोधक भिंती नसतात. 3 मीटर लांब नावेचे आतले आकारमान सुमारे 150 लिटर धरले, तर नाव उलटून पाणी भरल्यावर आपल्याला शंभर किलोंहून अधिक पाण्याशी झुंजावे लागते. लाकूड तरंगते म्हणून नाव तळाशी जाणार नाही, पण ती वापरण्याजोगीही राहणार नाही, आणि सोबत असलेल्या मोठ्या माणसाला ती उचलून रिकामी करणे जवळजवळ अशक्य होते.

यासाठी नावेच्या दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या बसवाव्यात आणि त्या सांगाड्याला बांधून ठेवाव्यात. नुसत्या कोंबून ठेवलेल्या पिशव्या नाव उलटल्यावर निसटून बाहेर येतात. बसण्याच्या जागेपुरतीच पोकळी मोकळी राहिली, तर आत येणारे पाणी फार कमी होते.

बसण्याचे तोंड, म्हणजे आत बसण्यासाठी वर ठेवलेली उघडी जागा, मुद्दाम लांब ठेवा. मुलगी गुडघे वर घेऊन, कशालाही न धरता बाहेर पडू शकली पाहिजे. मोठी माणसे कमरेला पाणी आत न येऊ देणारे जे आवरण बांधतात, ते तिला पहिली काही वर्षे देऊच नये. आतमध्ये पाय अडकतील असे दोऱ्यांचे फास किंवा लोंबती टोके राहू देऊ नका. बांधणी संपल्यावर मी स्वतः हात फिरवून प्रत्येक सांधा तपासतो. लाइफ जॅकेट तिच्या वजनाला साजेसे आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेले हवे, कारण लहान मुलांच्या अंगावरून ते पाण्यात वर सरकते.

धावदोरा

कापडाबद्दल सांगतो. दोन्ही चालतात, पण दोघांचा स्वभाव वेगळा आहे. नायलॉन फाटायला आणि घासायला अधिक चिवट असते, मात्र ओलावा शोषून ते किंचित सैल पडते आणि वाळल्यावर पुन्हा ताणते. पॉलिएस्टर ओलाव्याने बदलत नाही आणि इस्त्रीच्या उष्णतेने आकसते, त्यामुळे शिवताना राहिलेल्या सुरकुत्या नंतर काढता येतात. पहिल्यांदा शिवणाऱ्याला मी पॉलिएस्टर सुचवेन. तुम्ही एक नाव शिवलेली असल्याने आणि मुले नाव वाळूवरून ओढतच नेणार असल्याने, तुमच्यासाठी नायलॉन बरे. दर चौरस मीटरला 270 ते 300 ग्रॅम वजनाचे कापड पुरेसे आहे.

लेपासाठी दोन घटकांचे पॉलियुरेथेन वापरणार असाल, तर त्यातील आयसोसायनेटमुळे श्वसनमार्गाला कायमची इजा होऊ शकते. योग्य गाळणीचा मास्क लावून मोकळ्या हवेत काम करावे आणि लेप पूर्ण सुकेपर्यंत मुलीला जवळ येऊ देऊ नये.

बाकी कामात तिला जरूर घ्या. मेण लावलेल्या दोऱ्याने पट्ट्या बांधण्याचे काम आठ वर्षांचे मूल उत्तम करते. फासळ्या, म्हणजे सांगाड्याच्या वाकवलेल्या आडव्या पट्ट्या, 6 मिलिमीटर जाडीच्या असतील, तर मऊ होण्यासाठी वाफेत साधारण सहा-सात मिनिटे पुरतात. त्या वाकवायला मात्र काही सेकंदच मिळतात, म्हणून ते काम मोठ्यांनीच करावे. पुढे वाढेल म्हणून नाव मोठी बांधू नका. पाय टेकवायची पट्टी मागेपुढे सरकवता येईल अशी ठेवली, तर उंचीतले 15-20 सेंटिमीटर सहज सामावतात. त्यानंतर हीच नाव धाकट्या भावंडाला द्यावी आणि तिच्यासाठी नवी बांधावी, कारण या पद्धतीत लाकूड व कापड थोडेच लागते.

रंधा

सर्वांचे मनापासून आभार. लांबी 3.1 मीटर, रुंदी 51 सेंटिमीटर आणि खोली 20 सेंटिमीटर असे ठरवले आहे. एक शंका उरली आहे: तोंडाची वाकवलेली लाकडी कड लांब ठेवली, तर त्या भागात सांगाडा कमजोर होणार नाही का?

फासळी

वरच्या कडेच्या दोन्ही पट्ट्या तेथे 5 ते 6 सेंटिमीटर उंच ठेवल्या आणि तोंडाच्या पुढचा व मागचा आडवा दांडा लाकडी खुंटीने पक्का केला, तर होणार नाही. कापड चढवण्यापूर्वी तिला सांगाड्यात बसवून, डोळे मिटून बाहेर पडायला सांगा. पाय कोठेही अडकला, तर पुढचा दांडा 3 सेंटिमीटर पुढे घ्या. कापड शिवल्यावर तो हलवता येणार नाही.