खालच्या मजल्यावरचा नॅस म्हणजे ऑफसाइट?

रात्रपाळी:
काल एका महाशयांनी लिहिलं, "घरच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स आहे, त्यावरच्या सगळ्या व्हीएमचे, म्हणजे आभासी संगणकांचे, बॅकअप रोज रात्री खालच्या मजल्यावरच्या नॅसवर (नेटवर्कवरच्या डिस्कसाठ्यावर) जातात. झाली की ऑफसाइट, म्हणजे दुसऱ्या जागची प्रत! बाकी सगळी घाबरवायची दुकानं." हातातला चहा गार झाला. अहो, १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एसबीजी-२ हे डेटा सेंटर अख्खं जळालं. काहींचे बॅकअपही त्याच आवारात होते, तेही गेले. शिवाय तुमचा नॅस होस्टला, म्हणजे मूळ सर्व्हरला, कायम जोडलेला. होस्टमध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर घुसलं की तो पायऱ्या उतरायचे कष्टसुद्धा घेणार नाही. दुसरा पीबीएस, म्हणजे प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर, लांब ठेवा आणि त्यालाच इथून प्रती ओढू द्या. त्याला इथे वाचण्यापुरताच हक्क, त्याचा पासवर्ड इथे कुठेच नको. आणि 'रिमूव्ह व्हॅनिश्ड' बंद! नाहीतर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जाणार.

खुंटीवरचा_सदरा:
महाशय मीच. माझा अपलोड ५० एमबीपीएस. २ टीबी पाठवायला पावणेचार दिवस, तेही लाइन न तुटता. त्यात सीजीनॅट, म्हणजे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत थेट पोचताच येत नाही. सल्ले फुकट असतात.

रात्रपाळी:
पहिली प्रत घरीच त्या दुसऱ्या पीबीएसवर काढून डबा उचलून न्यायचा. नंतर फक्त बदललेले चंक, म्हणजे डेटाचे तुकडे, जातात. सीजीनॅटला मध्ये एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) आणि वायरगार्डचं व्हीपीएन. रडगाणं संपलं?

कोकण्या:
मी नेला होता डबा. चिपळूणला, मामाच्या ओटीवर. जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात शिरली. मामा म्हणाला, "तुझा तो पेटारा आधी बुडाला, मग फ्रिज." ऑफसाइट म्हणे!

आगाऊ_कार्टं:
पुराचं सोडा. मामाकडे एन्क्रिप्शन न करता ठेवला होतास? मामेभावाने बघितलं असतं तर?

कोकण्या:
केलं होतं रे. किल्ली व्हॉल्टवॉर्डनमध्ये, माझ्या पासवर्डच्या तिजोरीत. आणि व्हॉल्टवॉर्डन…

आगाऊ_कार्टं:
…त्याच बॅकअपमधल्या व्हीएमवर! तिजोरीची किल्ली तिजोरीतच. पेपरकी, म्हणजे किल्लीची कागदी प्रत, छाप ना, क्यूआर कोडसकट निघते.

खुंटीवरचा_सदरा:
छापली होती. विम्याच्या फाइलीत ठेवली. दिवाळीच्या साफसफाईत फाइलच रद्दीत गेली. घरात विचारलं तर म्हणे, "काळे ठिपके होते नुसते, मला वाटलं प्रिंटर बिघडला."

आगाऊ_कार्टं:
लॅमिनेट करायची.

खुंटीवरचा_सदरा:
लॅमिनेट केलेलं रद्दीवाला घेत नाही होय? लग्न झालंय का तुझं?

कोकण्या:
दोन प्रती काढा, एक बँकेच्या लॉकरमध्ये.

आगाऊ_कार्टं:
लॉकरची किल्ली कुठे ठेवायची? व्हॉल्टवॉर्डनमध्ये?

रात्रपाळी:
धागा किल्ल्यांवर नाही, भावांनो. मूळ मुद्द्याचं काय?

खुंटीवरचा_सदरा:
बरं बाबा, खालचा मजला ऑफसाइट नाही. आगीचे बंब बोलवायची वेळ आली की तुम्हालाच फोन करतो. पण एक सांगा, तुमच्या त्या लांबच्या पीबीएसवरून एक तरी व्हीएम उठवून बघितलाय?

रात्रपाळी:
व्हेरिफाय जॉब रोज हिरवा येतो.

आगाऊ_कार्टं:
तो किल्ली नसतानाही हिरवाच येतो. सर्व्हर फक्त चंक धड आहेत का ते बघतो, उघडून नाही बघत.

कोकण्या:
गेले का रात्रपाळी? काका?

रात्रपाळी:
किल्ली शोधतोय.