डिजिटल व्हर्निअरचा बटण सेल तीन महिन्यांत उतरतो, कुठला घ्यावा?

खटपट्या: मंडळी, घरच्या छोट्या लेथसाठी स्वस्तातला डिजिटल व्हर्निअर (जबड्यात वस्तू धरून माप घ्यायचा कॅलिपर) घेतलाय. काम झालं की बटण दाबून बंद करतो, डबीत ठेवतो. तरी तीन महिन्यांत आकडे लुकलुकायला लागतात. मीटरवर सेल १.३८ व्होल्ट दाखवतो, म्हणजे मेलेला नाही. दहा सेलांचं कार्ड आणलं होतं, एजी१३. सेल बोगस की व्हर्निअर?

जुना टर्नर: दोघंही थोडे थोडे. स्वस्त व्हर्निअरमध्ये ते बटण फक्त पडदा विझवतं, आतली चिप मोजतच राहते. बंद करा, जबडा सरकवा, परत चालू करा. आकडा बरोबर येतो की नाही बघा.

आता हिशोब. चिप सतत २० मायक्रोअँपिअर खाते असं धरलं तर महिन्याला साधारण १४ एमएएच (मिलीअँपिअर-तास, सेलात किती वीज मावते त्याचं माप) जातात. एजी१३ म्हणजेच एलआर४४, अल्कलाइन, शंभर-सव्वाशे एमएएचचा. सात-आठ महिने जायला हवा. पण अल्कलाइनचा व्होल्टेज पहिल्या दिवसापासून उतरत जातो आणि असले व्हर्निअर १.४ च्या आसपासच कुरकुरतात. सेलात जीव असतो, आपल्या कामाचा नसतो. त्यात कार्डावरच्या स्वस्त मालाचा भरवसा नाही, ते वेगळंच.

एसआर४४ घ्या. माप तेच, आत सिल्व्हर ऑक्साइड. १.५५ च्या जवळपास टिकून राहतो आणि शेवटी एकदम मान टाकतो. महाग आहे, पण मिटुटोयो या नावाजलेल्या जपानी कंपनीच्या कॅलिपरलाही हाच लागतो.

खटपट्या: घड्याळवाला म्हणाला, “एलआर, एसआर, सगळं एकच.”

जुना टर्नर: खाच्यात बसतं म्हणून एकच! ३५७ नंबर मागा, एसआर४४ चंच दुसरं नाव, आणि पाकिटावरची तारीख बघून घ्या.

मीनाताई: काढलेले सेल फेकू नका, माझ्या किचन टायमरमध्ये असले ‘मेलेले’ सेल अजून चालतात. सुटे सेल मात्र एका डबीत खुळखुळत ठेवू नका, एकमेकांना टेकून उतरतात. आणि घरात लहान मूल असेल तर एकही बाहेर नको. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळतो.

खटपट्या: टर्नरकाका, करून बघितलं. शून्यावर बंद केला, २५ मिमीच्या गेज ब्लॉकवर (अचूक मापाचा ठोकळा) चालू केला, २५.०० आला. म्हणजे हा कधी बंद नव्हताच! नवा सेल येईपर्यंत रात्री काढून ठेवू का?

जुना टर्नर: ठेवा. पण सकाळी जबडे पुसून, मिटवून शून्य करायला विसरू नका, नाहीतर सेल वाचेल आणि लेथवरचा जॉब जाईल.