डिशवॉशरची एएमसी म्हणजे मीठ न भरल्याचा दंड

वाघोलीकर
टाळेबंदीत, २०२० साली, मावशी येईनात म्हणून आमच्या सोसायटीत घराघरात डिशवॉशर आले. आता त्यांची हमी केव्हाच संपली आहे आणि दर काही दिवसांनी फोन येतो, "सर, एएमसी करून टाका, नंतर पार्ट महाग पडेल." निम्म्या लोकांनी घाबरून करूनही टाकली. माझं म्हणणं असं की घरगुती डिशवॉशरला एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, लागत नाही. मीठ, साफ गाळणी आणि नळाला पुरेसा दाब एवढं सांभाळलं की बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत.

यंत्राच्या तळाशी मिठाची टाकी असते, तिच्या शेजारी रेझिन, म्हणजे पाणी मऊ करणारे बारीक दाणे. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम रेझिन धरून ठेवतं आणि मिठाचं पाणी ते रेझिन पुन्हा मोकळं करतं. मीठ संपलं की ही साखळी तुटते. मग तोच क्षार हीटरवर बसतो, फवाऱ्याच्या भोकांत बसतो, काचेच्या ग्लासांवर पांढरा दिसतो. इकडे टँकर आणि बोअरचं पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणा (म्हणजे या क्षारांचं प्रमाण) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य धरलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. यंत्रावर मात्र जडपणाचं सेटिंग कारखान्यातून आलेलं तसंच असतं. ते बदलायला दोन मिनिटं लागतात, पण यंत्र बसवायला आलेला माणूस ते करत नाही. विचारतही नाही.

एएमसीत तरी काय होतं? माणूस येतो, एक फेरी रिकामी चालवतो, पावडर आणि मिठाची पाकिटं विकतो, सही घेतो.

मीनल ठाणे
असहमत. दादा, तुम्ही स्वतः खटपटे आहात म्हणून सगळ्यांना तसं समजू नका. माझे आई-बाबा दोघंच राहतात, दोघंही पंचाहत्तरीपुढचे. डिशवॉशर ओट्याखाली बसवलेला. तो ओढून बाहेर काढायला दोन धडधाकट माणसं लागतात. पाणी साठून राहिलं तर बाबांनी पालथं पडून पंप बघायचा का? एएमसीमुळे एक फोन केला की माणूस येतो, या खात्रीचे पैसे देते मी.

आणि तुमची मिठाची गोष्ट वाघोलीची आहे. आमच्याकडे धरणाचं पाणी, मुळातच मऊ. सेटिंग शून्यावर ठेवलंय, मिठाचा दिवा बंद आहे, ग्लास लख्ख निघतात. तुमचं ऐकून इथे कुणी मीठ ओतत बसला तर नुसतीच उधळपट्टी.

वाघोलीकर
ताई, धरणाचं पाणी असेल तर मीठ नको, अगदी मान्य. पण मग तुमच्याकडे बिघडण्यासारखं आणखीच कमी उरलं ना? करार कशाचा केलाय? नुसत्या मजुरीचा की पार्टसकट? तेवढा कागद वाचून सांगा. आमच्या शेजाऱ्यांच्या करारात उंदरांनी कुरतडलेली नळी आणि क्षाराने गेलेला हीटर, दोन्ही वगळलेले निघाले.

जुना मिस्त्री
मी घरगुती यंत्रं दुरुस्त करतो, कुठल्याही कंपनीचा नाही. तुम्हा दोघांनाही थोडं टोचेल असं लिहितो.

मला बोलावतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दुरुस्तीच नसते. "पाणी निघत नाही" म्हणून जातो तर निचऱ्याच्या पंपात टूथपिक नाहीतर काचेचा तुकडा अडकलेला. गाळणी काढली की खाली पंपाचं झाकण दिसतं. प्लग काढून, पाणी टिपून, हात कापणार नाही असं बघून कुणीही काढू शकतो. नवीन जोडणी असेल तर सिंकखालच्या सापळ्याला (वाकड्या नळीला) यंत्राची नळी जोडतात त्या तोंडावरची प्लॅस्टिकची चकतीच प्लंबरने कापलेली नसते. "वरच्या ताटल्या धुतल्या जात नाहीत" म्हणतात तिथे फवाऱ्याच्या भोकांत मोहरी. फोडणीची मोहरी बरोब्बर त्या भोकाच्या मापाची असते, दुसऱ्या देशात हा त्रास कोणाला असेल असं वाटत नाही. फवारा हाताने निघतो. टाचणीने टोकरा आणि नळाखाली उलटा धरून हलवा, दाणे खाली पडतात.

"पाणी भरत नाही" ही तक्रार सगळ्यात वरच्या मजल्यावरून जास्त येते. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. तुमच्या डोक्यावर गच्चीतली टाकी अडीच-तीन मीटरवर, म्हणजे पाव बारच्या आसपास. बऱ्याच यंत्रांना निदान ०.३ ते ०.५ बार लागतो. यंत्र ठरावीक वेळ वाट बघतं आणि चूक दाखवून थांबतं. तिथे एएमसी काय करणार? दाबाचा छोटा पंप लावा. दाब चांगला असूनही भरत नसेल तर आत येणाऱ्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात वाळू बघा.

आता वाघोलीकरांसाठी. सगळं घरी होत नाही. यंत्राच्या तळाच्या ताटात पाणी साचलं की आतला तरंगता स्विच वर उचलला जातो. मग यंत्र पाणी घेणं बंद करतं आणि निचऱ्याचा पंप थांबायचं नाव घेत नाही. लोक व्हिडिओ बघून यंत्र तिरकं करतात, साचलेलं पाणी ओतून टाकतात, चालू झालं म्हणून खूश. गळती तिथेच असते. कधी दाराचं रबर, कधी आतली नळी, आणि कधी भांड्यांचा साधा लिक्विड साबण ओतलेला, त्याचा फेस बाहेर येऊन तळात जातो. हीटर आणि सर्किट बोर्डाला तर स्वतः हात लावूच नका. बोर्डावर झुरळं घर करतात, ऊब असते ना. बोर्ड गेला तर बिल मोठं येतं, आणि तेवढ्यासाठी पार्टसकटचा करार कुणी घेतला तर मी त्याला हसणार नाही.

रोहिणी_नाशिक
मिस्त्रीकाका, तुमची मोहरी हाच माझा मुद्दा. भांडी आधी विसळून लावा ना! लोक "खरकटं तसंच लावा" असं ठामपणे सांगतात. आपलं जेवण म्हणजे काय टोस्ट आणि सॅलड आहे? तेल, खोबरं, कढीपत्ता, भाताची शितं. मी प्रत्येक भांडं नळाखाली धरते आणि आमची गाळणी कायम स्वच्छ.

म्युनिकचा पक्या
रोहिणीताई, मग डिशवॉशर घेतला कशाला? साधारण दहा-बारा लिटर पाण्यात पूर्ण फेरी होते, तेवढं तुम्ही नळाखालीच सोडत असाल. शिवाय पावडरीत एन्झाइम असतात, पिष्ट आणि प्रथिनं तोडणारे. स्वयंचलित प्रोग्राममध्ये पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो. विसळलेली भांडी दिली की त्याला वाटतं भांडी जवळजवळ साफच आहेत, तो धुणं आटोपतं घेतो, आणि कढईचा तेलकटपणा तसाच. खरकटं कचऱ्यात झटका, विसळू नका. इकडे पाणी इतकं जड आहे की मीठ किराणा सामानात येतं, त्यावर वाद कुणी घालत नाही.

रोहिणी_नाशिक
सेन्सर स्वयंचलित प्रोग्रामलाच ना? आमच्यासारखे कढईचा सत्तर अंशांचा प्रोग्राम लावतात, तिथे तो काय कामाचा? आणि तुमच्याकडे रोज रात्री पिठलं होतं का? सकाळची ताटं रात्रीपर्यंत यंत्रात पडली की पिठलं, कणीक, वरण सिमेंट होतं. मग कुठले एन्झाइम!

वाघोलीकर
यात रोहिणीताईंचं अर्धं बरोबर आहे. पिठलं आणि कणकेची परात यांना भिजवणं लागतं, तेही थंड पाण्यात, कारण गरम पाण्याने पीठ आणखी चिकटतं. बाकी ताटं झटकून लावायची. यंत्रात दिवसभर राहणार असतील तर थंड पाण्याचा आधी-विसळण्याचा छोटा प्रोग्राम असतो, तो दुपारी एकदा मारा. गाळणी मात्र दोनचार दिवसांनी काढून ब्रशने घासायचीच, विसळा की न विसळा. नारळाचा चव तिला सगळ्यात लवकर बुजवतो.

भोचक काकू
एवढं सगळं लिहिलंत, पण साधा उपाय कुणीच सांगेना. व्हिनेगर! वाटीभर व्हिनेगर आणि वर खायचा सोडा, यंत्र चकाचक. मीठसुद्धा मी घरातलंच टाकते, काही झालेलं नाही.

जुना मिस्त्री
काकू, व्हिनेगर आणि सोडा एकत्र घातले की एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी आणि फसफस. क्षार काढायचा तर सायट्रिक आम्ल घ्या, किराणावाल्याकडे लिंबू सत्व म्हणून मिळतं. रिकाम्या यंत्रात गरम फेरी लावा. व्हिनेगर अधूनमधून चालेल, सारखं नको, रबराला बरं नाही.

घरातलं मीठ आजच थांबवा. त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात. शिवाय ते इतकं बारीक की टाकीत त्याचा गच्च दगड होतो. डिशवॉशरचं मीठ जाडं आणि निव्वळ असतं. भरल्यावर लगेच एक फेरी चालवायची, कारण बाहेर सांडलेलं खारं पाणी स्टीललाही गंजवतं. आणि मिठाच्या टाकीत पावडर कधीही जाऊ देऊ नका. रेझिनची टाकीच बदलावी लागते, आणि ते कुठल्याही करारात बसवून दाखवा.

मीनल ठाणे
काल रात्री आमच्या कराराचा कागद काढला. फक्त मजुरी आणि वर्षातून दोन भेटी. बोर्ड, हीटर, पंप, सगळे पार्ट वेगळ्या पैशांचे. दादा, हा मुद्दा तुमचा. तरी करार पूर्ण सोडणार नाही, या वेळी पार्टसकटचा मागते, नाही मिळाला तर मिस्त्रीकाकांसारखा एखादा ठाण्यात शोधते. बाबांना गाळणी साफ करायला मात्र जमेल, तिच्यासाठी यंत्र बाहेर ओढावं लागत नाही, खालचा ट्रे ओढला की समोर.

अजून एक. आईचं हिंदालियमचं पातेलं काळं पडलंय, त्याला काय उपाय?

म्युनिकचा पक्या
उपाय नाही, पातेलं हाताने घासायचं. पावडर अल्कधर्मी असते, अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर काढते आणि धातू काळवंडतो. यंत्राचा दोष नाही. लोखंडी तवा, पितळ, तांबं, लाकडी पोळपाट, सगळे बाहेर. कुकर स्टीलचा असेल तर चालेल, पण शिटी आणि रबर काढून.

रोहिणी_नाशिक
आमच्याकडे ग्लासांवर धुरकट थर आहे. मीठ भरलेलं आहे, तरी. आता मलाच एएमसीवाल्याला बोलवावंसं वाटतंय.

वाघोलीकर
बोलवायच्या आधी एका ग्लासावर व्हिनेगर चोळून बघा. थर निघाला तर क्षार आहे, म्हणजे सेटिंग तुमच्या पाण्यापेक्षा कमी. न निघाला तर काचच झिजलीय. तसं फार मऊ पाणी आणि जास्त पावडर यांनी होतं, मग सेटिंग आणि पावडर दोन्ही कमी करा. झिजलेली काच परत येत नाही. जडपणा मोजायची कागदी पट्टी मिळते. पट्टीवर जडपणा जर्मन अंशांत असतो; एक जर्मन अंश म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम, एवढं लक्षात ठेवून यंत्राच्या पुस्तिकेतला तक्ता लावायचा.

रोहिणी_नाशिक
पट्टी कुठे मिळेल? औषधाच्या दुकानात नाही म्हणाले.

जुना मिस्त्री
मत्स्यालयाच्या दुकानात विचारा. माशांसाठी ठेवतात.