मदत हवी आहे: लायसन्सवाल्या नव्या वेब लँग्वेजमध्ये मोठं काम घ्यावं का? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदूरला आमचं सॉफ्टवेअरचं छोटं काम आहे. मी, माझा आतेभाऊ आणि हाताखाली दोन मुलं. गिऱ्हाइकं बहुतेक छावणी आणि सियागंजातले व्यापारी. आवक, तोल, आडत, हमाली, बारदाना, उधारी, जीएसटीचं बिल, सगळं पीएचपी ही वेबची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालतं. आता एका मोठ्या आडत्याला सगळं नव्याने करून हवंय, मोबाईलवरही चालेल असं.

नेमकी याच वेळी एक कंपनी आपली नवी वेब लँग्वेज घेऊन आमच्याकडे फेऱ्या मारतेय. ब्राउझरचा भाग, सर्व्हरचा भाग आणि डेटाबेसच्या क्वेरी, तिन्ही एकाच भाषेत लिहायच्या. फॉर्मवर रकान्याचं नाव बदललं आणि टेबलात बदलायचं राहिलं, तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही, म्हणजे चालवण्याजोगा बनतच नाही. हे मला मनापासून आवडलं. पीएचपीत अशी गोष्ट गिऱ्हाइकाचा फोन आला की कळते.

पण डेमो चालू असताना मी वायफाय बंद करायला सांगितलं. तोच प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल होईना. ‘लायसन्स सर्व्हरशी संपर्क नाही’ एवढी एकच ओळ आली. म्हणजे कंपायलर आपल्या मशीनवर असला तरी परवानगी दर वेळी त्यांच्याकडून येणार. मग मी बिलाची रक्कम टाकून पाहिली. 12,34,567 च्या जागी 1,234,567 आलं. जावास्क्रिप्टला भारतीय लोकेल (देशाप्रमाणे आकडे लिहायची पद्धत) दिला की हे एका ओळीत होतं. इथे उत्तर मिळालं, ‘पुढच्या व्हर्जनमध्ये येईल.’ लांब नाव रकान्यात बसवायचं त्यांचं फंक्शन तर जोडाक्षर मधोमध कापतं, ‘राजेंद्र’चं ‘राजेंद्’ झालं. असं छापलेलं बिल मंडीत कोण घेईल?

आतेभाऊ म्हणतो, चार जणांत आठ जणांचं काम होईल आणि इंदुरात ही विद्या फक्त आपल्याकडे असेल. मला भीती वाटते ती त्याचीच. आमचा एखादा मुलगा सोडून गेला तर दुसरा कुठून आणायचा? आणि सोयाबीनच्या हंगामात बिल अडलं की मंडीत गाड्या अडतात.

नुसतं ‘नको’ म्हणू नका, कारण सांगा. भावाला पटवायचं आहे. आणि कंपनीला नेमकं काय विचारू?

बडोदेकर:
भाऊ, 1995 साल घ्या. पीएचपी त्याच वर्षी आली आणि कोल्डफ्यूजनही त्याच वर्षी. एक फुकट आणि उघडी, दुसरी लायसन्स घेऊन. कोल्डफ्यूजन वाईट अजिबात नव्हती, डेटाबेसवरून पान बनवणं तिच्यात फार सोपं होतं. पुढे ती मूळ कंपनी अलेअरकडून 2001 मध्ये मॅक्रोमीडियाकडे आणि 2005 मध्ये अडोबीकडे गेली. प्रत्येक विक्रीनंतर तुमच्या भाषेचं पुढे काय, हे नवा मालक ठरवतो. आज कुठलंही स्वस्त होस्टिंग घ्या, पीएचपी मिळते. कोल्डफ्यूजनवाल्यांचं नशीब की ल्युसीसारखं मुक्त इंजिन निघालं. तुमच्या कंपनीच्या भाषेला असं दुसरं इंजिन कोणी लिहू शकेल का? भाषेचं स्पेसिफिकेशन, म्हणजे तिचे सगळे नियम, छापलेलं आहे का? पहिला प्रश्न हाच विचारा.

जुना_व्हीबीवाला:
मायक्रोसॉफ्टची व्हीबी 6 (व्हिज्युअल बेसिक) आली 1998 ला, तिचा सपोर्ट एप्रिल 2008 मध्ये संपला. तरी त्यातल्या एक्झी फाइली आजही विंडोजवर चालतात, कारण बनवलेली वस्तू आपल्या हातात होती. उलट ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि गेम चालवणारं अडोबीचं फ्लॅश पाहा. 31 डिसेंबर 2020 ला सपोर्ट संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरनेच फाइली चालवणं बंद केलं. तुमच्या वायफायच्या परीक्षेवरून ही भाषा दुसऱ्या जातीची दिसते. कंपनी बंद पडली तर तुम्हाला एक स्वल्पविरामही बदलता येणार नाही. जीएसटीचा दर बदलला त्या दिवशी काय कराल?

टाइप_प्रेमी:
थोडी वेगळी बाजू मांडते. कंपनीने आणली म्हणून भाषा वाईट ठरत नाही. टाइपस्क्रिप्ट 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने आणली, पण कंपायलर पहिल्यापासून ओपन सोर्स आणि बाहेर पडतं ते साधं, वाचता येणारं जावास्क्रिप्ट. उद्या टाइपस्क्रिप्ट सोडली तरी तेवढं तरी हातात उरतं. गूगलची डार्टही 2011 ची. ती थेट क्रोममध्ये चालवायचा बेत 2015 मध्ये सोडून दिला, पण जावास्क्रिप्टमध्ये उतरवता येत असल्याने डार्टमध्ये लिहिलेलं वाया गेलं नाही. म्हणून त्यांच्याकडून बाहेर पडलेला कोड मागा आणि दादा, तो स्वतः उघडून वाचा. व्हेरिएबलची नावं ओळखू येतात का, ब्रेकपॉइंट (चूक शोधायला प्रोग्रॅम थांबवायची जागा) तुमच्या ओळीवर लागतो का ते बघा. तुम्हाला आवडलेली टाइपची तपासणी (नावं आणि रकाने जुळतात का ते आधीच पाहणं) मात्र खरी गरज आहे, भाऊ त्याबाबतीत बरोबर आहे. टाइपस्क्रिप्टमध्ये त्यातलं बरंचसं मिळतं.

लष्कर_ग्वाल्हेर:
डेटाचं पण विचारा. पार्स ही मोबाईल ॲपचा डेटा सांभाळणारी सेवा बंद होणार हे जानेवारी 2016 ला सांगितलं, जानेवारी 2017 ला बंद झालं. वर्षभराची मुदत होती आणि सर्व्हरचा कोड मुक्त केला, म्हणून लोक निभावले. तुमच्या करारात मुदत लिहिलेली आहे का? मायएसक्यूएल 2010 मध्ये ओरॅकलकडे गेली तरी तुमचं काम थांबलं नाही, कारण जीपीएल या मुक्त लायसन्समुळे तिच्याच कोडवरची मारियाडीबी आधीच उभी राहिली होती. कंपनी विकली गेली तर कंपायलरचा सोर्स तुम्हाला मिळेल, असा एस्क्रो करार (सोर्स तिसऱ्याकडे ठेवायला द्यायचा) मागा. काचकूच करायला लागले तर समजून जा.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाला शेजारी बसवून कंपनीला फोन लावला. स्पेसिफिकेशन छापलेलं नाही. बाहेर पडलेला कोड पाठवला, त्यात सगळी नावं एकेका अक्षराची, वाचता येत नाहीत. एस्क्रोवर ‘मॅनेजमेंटशी बोलून सांगतो’ म्हणाले. भाऊ पुरता वळलेला नाही, पण आडत्याचं बिलिंग पीएचपीवरच ठेवायला आणि मोबाईलचा भाग टाइपस्क्रिप्टमध्ये करायला तयार झाला. नवी भाषा आमच्या स्वतःच्या हजेरीच्या छोट्या प्रोग्रॅमवर वापरून बघू.

एक राहिलं. एस्क्रोचा करार कोणी प्रत्यक्ष केला असेल तर सांगा: सोर्स ठेवायला कोणाकडे देतात, आणि ‘कंपनी बंद पडली’ हे कलमात कशा शब्दांत लिहितात? आमच्या वकिलांना हा प्रकार नवीन आहे.